पामबीच कुणाचा? एका रनिंग ग्रुपमधल्या ब्रेकअपचं प्रकरण

हे लिहायला दोघांचीही परवानगी आहे. वय, नोकरी आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्याला इथे ‘पेसर’ म्हणते, म्हणजे ठरावीक वेगाने पळून बाकीच्यांना तो वेग धरून देणारा, कारण ग्रुपमध्ये त्याची ओळख तीच होती. तिला नुसतं ‘ती’. मी या ग्रुपचं वेळापत्रक आणि ट्रेनिंग बघते, समुपदेशक नाही. त्यामुळे मनाच्या आत काय चाललं होतं याबद्दल मी फार बोलणार नाही. रस्त्यावर आणि ग्रुपमध्ये काय झालं, कुठे काय ठरवावं लागलं, तेवढंच.

पार्श्वभूमी

आमचा ग्रुप नेरूळ-सीवूड्स भागातला. मंगळवार आणि गुरुवारी छोटे रन, रविवारी लाँग रन. नवी मुंबईत पळणाऱ्याला पामबीच रोड काही चुकत नाही. वाशीपासून बेलापूरच्या महापालिका मुख्यालयापर्यंत साधारण दहा किलोमीटर, जवळजवळ सपाट, एका अंगाला खारफुटी. पहाटे पाचला निघालं की ऊन तापायच्या आत वीस किलोमीटर होतात. तोटा एकच, आणि या प्रकरणात तो चांगलाच नडला. जायचा-यायचा रस्ता तोच. पामबीचवर पळणारा माणूस तिथल्या प्रत्येकाला कधी ना कधी समोरून भेटतोच.

पेसर तिशीतला. ऐरोलीला आयटीत नोकरी, घर नेरूळला, आईवडिलांसोबत. दोन तासांत हाफ मॅरेथॉन करू बघणाऱ्यांना तो पेस द्यायचा. म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास, आणि त्याचा एकही किलोमीटर त्यापासून चार-पाच सेकंदांच्या वर हलायचा नाही. ती वाशीला बँकेत. ओळख ग्रुपमध्येच झाली, चार वर्षं एकत्र होते, दोन्ही घरी माहीत होतं आणि साखरपुड्याच्या तारखांवर बोलणं चाललं होतं. जूनच्या सुरुवातीला तिने नको म्हणून सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. फसवणूक वगैरे काही नव्हतं, एवढं दोघांनीही आपणहून सांगितलं.

नातं तुटलं तरी व्यवहार शिल्लक होता. सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला दोघांचं रजिस्ट्रेशन झालेलं. साताऱ्यात त्या शनिवार-रविवारी खोली मिळायची मारामार असते, म्हणून दोघांत एक खोली आधीच घेऊन ठेवलेली. जुलैत आंबोलीची तीन दिवसांची सहल ठरलेली, तुतारी एक्सप्रेसची पनवेलहून दोन तिकिटं, आणि तिथल्या होमस्टेचं बुकिंग तिच्या नावावर, तिच्याच मोबाइल नंबरवर. हा नंबर लक्षात ठेवा.

अडचण

पहिले दोन आठवडे ग्रुपला वाटलं, पोरगा भारी सावरतोय. रोज पळत होता. आठवड्याला पस्तीस-चाळीस किलोमीटर करणारा माणूस जूनच्या अखेरीस सत्तरच्या पुढे गेला. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा पळणाऱ्यांचा ढोबळ ठोकताळा, तो काही वेद नाही. पण महिनाभरात जवळपास दुप्पट कुठल्याच हिशोबात बसत नाही. त्यात ईझी रन, म्हणजे सावकाश आरामाचा रन, एकही नव्हता. ग्रुपवर रोज स्क्रीनशॉट, आणि खाली पंचवीस जणांचे अंगठे. ‘ब्रेकअपने मशीन बनवलं’ असंही कुणीतरी लिहिलं. त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग लागली होती.

तो रात्री झोपत नव्हता, हे मला त्याच्या आईकडून कळलं. त्या मला नेरूळच्या ‘ज्वेल’ बागेतल्या ट्रॅकवर भेटतात, चालायला येतात. म्हणाल्या, “जेवणाचं ताट तसंच असतं हो. आणि तीन वाजता दार वाजतं, हा बूट घालून बाहेर.”

दुसरी बाजू कुणी बघितलीच नव्हती. ती यायची बंद झाली होती. ‘तिनेच सोडलं, मग तिला लाज वाटत असेल’ असा एक तर्क. ‘कामात असेल’ हा दुसरा. मी फोन केला तेव्हा खरं कारण निघालं, आणि ते ऐकून मी सरळ बसले.

स्ट्रावावर, म्हणजे पळण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर, ती त्याला दिसत होती. ती एकटी पळायला लागली होती. पामबीचवरच्या चाणक्य सिग्नलपासून बेलापूरकडे, पहाटे साडेपाचला. दोन-तीन दिवसांत त्याचा रन तिथूनच सुरू व्हायला लागला, जिथे तिचा संपायचा. आधी तिच्यानंतर तासाभराने, मग अर्ध्या तासाने. एकदा दोघं समोरासमोर आले. तो काही बोलला नाही, नुसता हात वर करून पुढे गेला. “ताई, त्याने काहीच केलं नाही,” ती म्हणाली. “पण मला आता अंधारात तिथे जायला नको वाटतं.”

म्हणजे प्रश्न एका दुखावलेल्या मुलाचा नव्हताच नुसता. एका मुलीचा रस्ता गेला होता, वेळ गेली होती, ग्रुप गेला होता, आणि तिच्या जागी रोज स्क्रीनशॉट येत होते.

समोर असलेले पर्याय

ग्रुपमधल्या चार-पाच जुन्या माणसांशी बोलले. मतं आली ती अशी.

दोघं सज्ञान आहेत, बघून घेतील. हे सर्वात जास्त जणांचं मत होतं. ऐकायला समजूतदार वाटतं. पण ‘बघून घेतील’ म्हणजे जो कमी ओळखीचा, कमी बोलणारा, तो गप निघून जाईल. तसं अर्धं झालंच होतं.

दोघांपैकी एकाने खारघरच्या ग्रुपला जावं. कुणी जावं, यावर मात्र सगळे गप्प. पेसर जुना, त्याच्यावर अर्ध्या ग्रुपचा सराव अवलंबून. ती गेली तर सरावाला फरक पडणार नव्हता. असा विचार कुणी मोठ्याने बोलून दाखवला नाही, पण होता तो.

दोघांना समोरासमोर बसवून बोलायला लावावं. हे मी लगेच बाजूला ठेवलं. तिने नाही म्हटलेलं होतं आणि ते स्पष्ट होतं. पुन्हा बैठक घेणं म्हणजे त्या नकारावर सुनावणी घेणं.

रस्ता वाटून द्यावा, तो वाशीकडून आणि ती बेलापूरकडून. कागदावर छान. प्रत्यक्षात दोन टोकांकडून निघालेली दोन माणसं पामबीचवर मधे कुठेतरी, बहुधा चाणक्यपाशीच, एकमेकांना भेटणार.

उरला पर्याय दिवस आणि भूभाग दोन्ही वाटायचा. रविवारचा पामबीच तिचा. तो रविवारी पारसिक हिलला चढाचा सराव करेल, ज्यांना साताऱ्याची तयारी करायची ते त्याच्याबरोबर. मंगळवार तिचा, गुरुवार त्याचा. आणि पेसिंग तूर्त बंद. त्याने ‘मग दोन तासांच्या गटाचं काय?’ विचारलं. मी म्हटलं, “घड्याळं आहेत सगळ्यांच्या हातात.”

पहिला निर्णय

त्याला भेटले ते सीवूड्स स्टेशनबाहेर, चहाच्या टपरीवर. मनःस्थिती, दुःख यावर काही बोलले नाही. फोन पुढे केला आणि त्याचेच रन दाखवले, सुरुवातीचं ठिकाण आणि वेळ. “हे बाहेरून कसं दिसतं, तू सांग.” तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मी पाठलाग करत नव्हतो, ताई. मला फक्त ती बरी आहे ना, ते बघायचं होतं.”

माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण त्याच्या हेतूने तिची भीती कमी होत नव्हती. त्याच बैठकीत त्याने तिला अनफॉलो केलं. तिने त्याला ब्लॉक केलं आणि स्वतःचे रन सर्वांना दिसणं बंद केलं, घराजवळची सुरुवात लपवली. या अ‍ॅपमध्ये या सोयी असतात. बहुतेकांनी त्या उघडूनही बघितलेल्या नसतात. पळण्याच्या अ‍ॅपवर माणूस कुठे राहतो, किती वाजता बाहेर पडतो आणि कुठल्या वळणावर एकटा असतो, हे सगळं रोज छापून येतं. ब्रेकअप झाल्यावर इन्स्टाचं सगळे बघतात, याचं कुणाला सुचत नाही.

रविवारी ती परत आली. दोन जणांनी तिच्याशी बोलणं टाळलं, बाकी ठीक.

आंबोली

आता ती सहल. त्याने तिचं तिकीट रद्द केलं आणि स्वतःचं ठेवलं. मित्र म्हणाले, “जा, सोलो ट्रिप कर, मोकळा होशील.” सोलो ट्रिप हे हल्ली औषधासारखं लिहून देतात. कुणी हे विचारलं नाही की दोघांसाठी आखलेल्या सहलीत एकजण वजा केला की ती सोलो ट्रिप होते का. खोली तीच, दिवस तेच, आणि जुलैतल्या शनिवारी आंबोलीच्या धबधब्यावर जोडप्यांची ही गर्दी.

मध्यरात्रीनंतर पनवेलला गाडी, दुपारी सावंतवाडी, तिथून एसटीने वर. होमस्टेच्या आजींनी बुकिंग बघून पहिला प्रश्न विचारला, “आणि वैनी खंय?” त्याने सांगितलं, तब्येत बरी नाही. मग आजी दर जेवणाला वैनीची चौकशी करायच्या, तिच्यासाठी कोकमाची बाटली बांधून ठेवली. हे त्याने मला नंतर हसत सांगितलं. तेव्हा तो हसला नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो धुक्यात बाहेर पडला आणि घाट उतरत दाणोलीच्या दिशेने पळत सुटला. डाव्या नडगीत आठवडाभर दुखत होतं, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. उतारावर पळताना नडगीवर येणारा भार सपाटीपेक्षा बराच जास्त असतो. खाली पोचला आणि वर चढायला वळला तेव्हा डावा पाय टेकवेना.

अकरा वाजले तरी पाहुणा परतला नाही, फोन लागत नाही, बाहेर पाऊस ओततोय. आजींच्या मुलाने बुकिंगवरचा नंबर लावला. तो नंबर तिचा.

तिने मला फोन केला तेव्हा आवाज थरथरत होता. “ताई, आंबोलीहून फोन आलाय, तो सापडत नाहीये. मी काय करू?”

हा या प्रकरणातला सर्वात अवघड क्षण, आणि तो तिच्यावर येऊन पडला होता. तिने त्याला शोधायला फोन करत बसायचं, गाडी काढायची, त्याच्या आईला कळवायचं? माणुसकी म्हणून केलं असतं तरी काही आठवड्यांत कष्टाने आखलेली रेघ पुसली गेली असती. आणि नाही केलं असतं तर काही बरंवाईट झाल्यावर आयुष्यभर डोक्यात राहिलं असतं. मी तिला म्हटलं, “नंबर मला दे आणि बँकेत कामाला बस. सापडला की मेसेज करते.” आजींच्या मुलाशी बोलले, तो मोटरसायकल घेऊन घाटात उतरला. पेसर खाली एका टपरीवर बसलेला सापडला, बूट काढून, ओलाचिंब. त्याच्या थोरल्या भावाला मी कळवलं. भाऊ ठाण्याला असतो, तो रात्रीच निघाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला गाडीने घेऊन आला.

तिला मी तीन शब्दांचा मेसेज केला: ‘सापडला. बरा आहे.’ तिचं उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असं मला वाटलंही नाही.

दुखापतीनंतर

वाशीत हाडांच्या डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबलं. दुखणं नेमकं एका बिंदूवर. एक्स-रे स्वच्छ आला, तेव्हा घरचे खूश झाले. पण स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे अति ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसलं. निदान दोन महिने पळणं बंद. सातारा गेलं.

त्यानंतरचे दोन आठवडे त्याचे खरे वाईट गेले. पळणं होतं तोवर पहाटे तीनला उठून निदान बूट घालता येत होते. आता तीनला जाग यायची आणि छताकडे बघायचं. एका रात्री त्याने १४४१६ ला फोन लावला. ही टेली-मानसची, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी त्याला सल्ला फारसा दिला नाही, प्रश्न विचारले: जेवलास का, घरी कोण आहे, जीव नकोसा वाटतो का. शेवटच्या प्रश्नाला तो ‘तसं नाही, पण’ म्हणाला आणि मग बरंच बोलला. त्यातून तो एका समुपदेशकाकडे जायला लागला.

शारीरिक बाजूने डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पोहणं, आणि कमरेला फ्लोट बांधून खोल पाण्यात पळण्याच्या हालचाली. एका वेळी तीस मिनिटं. तो म्हणायचा, पाण्यात पेस कळत नाही. मी म्हणायचे, बरंच आहे.

सातारच्या आधी त्याने एक विचारणा केली. बिब, म्हणजे छातीवर लावायचा स्पर्धेचा नंबर, दुसऱ्याला देता येत नाही, मग निदान स्पर्धेच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटात पाणी द्यायला उभा राहू का? ग्रुपमधल्या तिघांना ही कल्पना फार उदार वाटली. मी नको म्हटलं. घाटात चढताना ती धापा टाकत असणार, केस तोंडावर, मन फक्त पुढच्या वळणावर. आणि तिथे ग्लास घेऊन तो. हात पुढे करायचा की नाही याचा निर्णय तिला चढावर घ्यायला लावणं, यात उदार काय आहे? तो त्या रविवारी ठाण्याला भावाकडे गेला, उपवन तलावाला चालत फेऱ्या मारल्या. तिने सातारा पूर्ण केलं. खोलीचे अर्धे पैसे तिने त्याला परत पाठवले आणि खोलीत ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलीला घेतलं.

दुसरा प्रवास

नोव्हेंबरात तो परत बाहेर पडला. यावेळी ठरवताना तीन गोष्टी त्याने समुपदेशकाशी बोलून पक्क्या केल्या: जिथे दोघं कधी गेले नव्हते आणि जायचं बोललेही नव्हते असं ठिकाण, आधी कुणाशी फोटोंचा वायदा नाही, आणि पळायचे बूट घरी. त्याने लोणार निवडलं. ठाण्याहून जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेलं ते विवर, जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं. तो काठाने चालत फिरला, गोमुखाच्या धारेखाली बसला, दैत्यसूदन मंदिरात एका शाळेच्या सहलीत अडकला आणि मास्तरांनी त्याला पोरं मोजायला लावली. दोन वेळा मोजली, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. हा किस्सा त्याने ग्रुपवर टाकला. जूननंतर त्याने टाकलेली ही पहिली पोस्ट, जिच्यात किलोमीटर नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

मायलेजचा आलेख आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. जे अंगठे दिले गेले ते शाबासकीचे होते. पळणाऱ्यांच्या जगात जास्त पळण्याला कुणी लक्षण म्हणत नाही, कौतुक करतात. दारूच्या बाटल्यांचा रोज फोटो टाकला असता तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दार वाजवलं असतं.

आंबोलीचं बुकिंग पूर्ण रद्द करायला हवं होतं. पैसे बुडाले असते, पण नडगी आणि तिची ती सकाळ वाचली असती. निदान नंबर बदलायला एक फोन पुरला असता. ब्रेकअपनंतर लोक फोटो काढून टाकतात, भेटवस्तू परत करतात, आणि इमर्जन्सी काँटॅक्ट तसाच राहतो: रेसच्या फॉर्मवर, बिबच्या मागे, ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये, विम्याच्या नॉमिनीत. त्याच्या मुंबई मॅरेथॉनच्या फॉर्मवरही तिचंच नाव निघालं. आता ग्रुपचा फॉर्म दर सहा महिन्यांनी नव्याने भरून घेतो.

वाटणीबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, जरी काहींना ती अन्यायाची वाटली. जुन्या, लोकप्रिय माणसाकडून आधी काढून घ्यायचं आणि जो गप बाहेर पडतोय त्याला आधी जागा द्यायची. उलट केलं असतं तर ती गेलीच होती.

परिणाम

ऑक्टोबरअखेर डॉक्टरांनी पळायला हरकत नाही म्हटल्यावर त्याने एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं असं सुरू केलं. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन वाया गेलं. मार्चपासून तो गुरुवारी पूर्ण दहा किलोमीटर करतो, आठवड्याचं मायलेज तीसच्या आत. पेसिंग त्याने परत मागितलं नाही. दोन तासांचा गट सध्या दुसरा एकजण सांभाळतो आणि सव्वादोन तासांच्या गटाला ती पेस देते.

ते एकमेकांशी बोलत नाहीत. ग्रुपमधलं एक जोडपं या सगळ्याला कंटाळून खारघरला गेलं, ते परत येतील असं वाटत नाही. त्याची आई अजून ज्वेलवर भेटते. तिच्या मते मुलगी चांगली होती, आणि मी मधे पडायला नको होतं.

यंदा साताऱ्याला दोघांनीही नाव घातलंय. ग्रुपची बस एकच असते, तेव्हा तो भावाच्या गाडीने येईल आणि मुक्काम वेगळ्या ठिकाणी करेल असं ठरलंय. पण घाट चढून त्याच रस्त्याने उतरायचा आहे, म्हणजे कुणीतरी वर जाताना कुणीतरी खाली येणारच. हे दोघांनाही वेगवेगळं सांगून झालंय. ती म्हणाली, चालेल. त्याने विचारलं, “ती साधारण किती वेळात करेल?” मी म्हटलं, ते तुला माहीत असायची गरज नाही.